जळाऊ लाकडाची निवड: जात, ओल आणि शेगडी

थंड प्रदेशांत घर ऊबदार ठेवण्यासाठी कोणते लाकूड जाळावे, या प्रश्नाचे उत्तर युरोपात आणि उत्तर अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या झाडांच्या क्रमवारीच्या रूपाने दिले गेले आहे. ओक, बीच आणि हिकरी सर्वांत वर, बर्च आणि अ‍ॅश त्यांच्या लगत, तर पाइन, स्प्रूस, पॉप्लर आणि विलो तळाशी, अशी ही उतरंड पत्रकांतून आणि विक्रेत्यांच्या तोंडून आजही फिरत असते. काष्ठविज्ञान, ज्वलनशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या तीन शाखांनी या प्रश्नाला आपापल्या बाजूने हात घातला असून, त्यांचे निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवले की ही उतरंड बरीचशी डळमळते. ती सर्वस्वी खोटी आहे असे म्हणता येत नाही; मात्र लाकडातील उष्णतेपेक्षा लाकूड विकण्याच्या मापाविषयीच ती अधिक सांगते.

सर्व झाडांचे लाकूड मुळात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन द्रव्यांचे बनलेले असते, आणि भट्टीत पूर्ण वाळवलेल्या एक किलो लाकडापासून जात कोणतीही असली तरी साधारण १८ ते २१ मेगाज्यूल, म्हणजे ४,३०० ते ५,००० किलोकॅलरी एवढी उष्णता मिळते. सूचिपर्णी वृक्षांत, म्हणजे सुईसारखी पाने असणाऱ्या पाइन, स्प्रूस, देवदार यांसारख्या झाडांत, लिग्निन आणि राळ यांचे प्रमाण जास्त असल्यामुळे वजनामागे त्यांची उष्णता रुंदपर्णी वृक्षांपेक्षा किंचित अधिकच भरते. ज्या पाइनला उतरंडीत खालची जागा मिळते, तो वजनाच्या तराजूत ओकच्या मागे नसतो. फरक पडतो तो घनतेमुळे. एक घनमीटर भरीव ओकमध्ये सुमारे ६०० किलो शुष्क द्रव्य असते, तर अमेरिकेतील पांढऱ्या पाइनमध्ये जेमतेम ३५०, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या ढिगातून ओक दीडपटीहून अधिक उष्णता देतो. पाश्चात्त्य परिभाषेत रुंदपर्णी वृक्षांना सरसकट कठीण आणि सूचिपर्णींना सरसकट मृदू म्हणण्याची रीत असली, तरी ती वनस्पतिशास्त्रीय विभागणी आहे, प्रत्यक्ष कठीणपणाची नव्हे. खेळण्यातली विमाने करण्यासाठी वापरला जाणारा हलकाफूल बाल्सा त्या हिशेबाने कठीण गटात मोडतो.

येथेच मापाचा प्रश्न येतो. अमेरिकेत जळाऊ लाकूड ‘कॉर्ड’ या आकारमानाच्या मापाने विकले जाते. चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशा रचलेल्या ढिगाचे हे माप १२८ घनफुटांचे असते. पण फटी वजा जाता त्यात भरीव लाकूड साधारण ८५ घनफूटच निघते. युरोपात रचलेला घनमीटर आणि नुसता ओतलेला घनमीटर अशी दोन मापे चालतात, आणि भरीव लाकडाचा एक घनमीटर रचल्यावर सुमारे १.४, तर ओतल्यावर दोनहून अधिक होतो. आकारमानावर खरेदी करणाऱ्याला हलके लाकूड महाग पडते, म्हणून त्याला जातीची चौकशी करावी लागते. भारतातील वखारीत लाकूड वजनावर, पूर्वी मणावर आणि आता क्विंटलवर, मिळते; तेथे जातीने पडणारा फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि त्याची जागा पाणी घेते, कारण ओले लाकूड घेणारा पाण्याचेही पैसे मोजत असतो. पाश्चात्त्य उतरंडी भारतीय लिखाणात जशाच्या तशा उतरवून घेणाऱ्यांच्या ध्यानात हा भेद सहसा आलेला दिसत नाही.

ओलीचे गणित सोपे असले तरी ते दोन पद्धतींनी मांडले जात असल्यामुळे गोंधळ होतो. इंधनाचा व्यवहार करणारे लोक एकूण वजनात पाणी किती टक्के आहे ते पाहतात, तर सुतारकाम आणि काष्ठविज्ञान यांत पाण्याचे प्रमाण शुष्क लाकडाच्या तुलनेत सांगतात. पहिल्या पद्धतीने २० टक्के असलेले लाकूड दुसऱ्या पद्धतीने २५ टक्के ठरते. पहिल्याच पद्धतीने पाहिल्यास ताज्या तोडलेल्या लाकडात साधारण निम्मे पाणी असते. अ‍ॅशमध्ये ते एक तृतीयांशाच्या आसपास राहते, तर पॉप्लरमध्ये निम्म्याहूनही वर जाते. शुष्क लाकडाची उष्णता किलोमागे १९ मेगाज्यूल धरली, तर निम्मे पाणी असलेल्या एक किलो लाकडात मुळात ९.५ मेगाज्यूलच उरतात आणि त्यांतील सुमारे १.२ पाण्याची वाफ करण्यात खर्च होतात. २० टक्के ओलीच्या लाकडातून तेवढ्याच वजनामागे १४.७ मेगाज्यूल मिळतात.

वाफेत जाणारी ही उष्णता, म्हणजे साधारण आठवा हिस्सा, हेच ओल्या लाकडाचे मुख्य नुकसान असे सर्वसाधारणपणे समजले जाते. खरे नुकसान मोठे असते आणि ते निराळ्या वाटेने होते. लाकूड तापू लागले की प्रथम त्यातील पाणी जाते, पुढे २०० ते ३०० अंश सेल्सिअसच्या सुमारास त्याचे विघटन होऊन ज्वलनशील वायू आणि डांबरी बाष्पे बाहेर पडतात, आणि शेवटी निखारा राहतो. शुष्क लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग या वायुरूपातच निघून जातो, आणि तो नीट जळण्यासाठी ६०० अंशांच्या वरचे तापमान, पुरेशी हवा आणि वायूला शेगडीत रेंगाळण्यास थोडा अवधी लागतो. ओल्या लाकडामुळे शेगडीतील तापमान या पातळीपर्यंत पोचतच नाही. वायू न जळता धूर होऊन धुराड्यात शिरतात आणि तेथील थंड भिंतींवर क्रिओसोट नावाचा काळा, चिकट थर बसतो. हा थर पुढे पेटला तर धुराड्यातले तापमान १,००० अंशांपर्यंत जाऊन छताला आग लागू शकते. अशा आगींचा दोष अमेरिकेत दीर्घकाळ पाइनच्या राळेला दिला गेला, परंतु धुराडी भरतात ती ओल्या लाकडाने आणि हवा कोंडून रात्रभर धुमसत ठेवलेल्या आगीने. स्कँडिनेव्हिया आणि रशिया यांच्या उत्तर भागांत शतकानुशतके पाइन आणि स्प्रूसच जाळले जात आहेत, ही गोष्ट त्या समजाच्या विरोधातला सर्वांत सोपा पुरावा ठरते. अतिरेकी कोरडेपणाही निर्दोष नाही: दहा टक्क्यांच्या खाली उतरलेले बारीक लाकूड इतक्या वेगाने वायू सोडते की शेगडीत येणारी हवा त्याला पुरत नाही आणि पुन्हा धूर होतो.

लाकूड वाळवण्याच्या शास्त्रात जातीला जी खरी किंमत आहे, ती उष्णतेपेक्षा वेळेच्या रूपाने दिसते. पाणी लाकडाच्या तंतूंच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या टोकांतून, आडव्या दिशेच्या दहापटीहून अधिक वेगाने बाहेर पडते, म्हणून ओंडके आखूड कापणे आणि फोडणे या दोन्ही क्रिया वाळवणीला निर्णायक असतात. बर्चची साल जवळजवळ जलाभेद्य असल्यामुळे न फोडलेला बर्च आतल्या आत कुजतो. ओकच्या चिरफाळ्यांना वीस टक्क्यांवर येण्यास बहुधा दोन वर्षे लागतात, तर स्प्रूस आणि अ‍ॅश एका उन्हाळ्यात तयार होतात. उतरंडीत ओकचे स्थान कितीही वरचे असले, तरी पहिल्याच हिवाळ्यात विकला जाणारा ओक प्रत्यक्षात वाळलेल्या पॉप्लरपेक्षा वाईट इंधन असतो. ढीग जमिनीपासून उचललेला असावा, वरून झाकलेला आणि बाजूंनी वाऱ्याला मोकळा असावा, याविषयी सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो साल वर ठेवावी की खाली, याबद्दल. नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीने २०१३ साली केवळ सरपणाला वाहिलेला बारा तासांचा कार्यक्रम दाखवला, तेव्हा प्रेक्षकांच्या तक्रारींचा विषय मुख्यतः हाच होता. उघड्यावरच्या ढिगात सर्वांत वरचा थर साल वर करून ठेवणे सयुक्तिक आहे. छपराखाली मात्र या वादाला फारसा अर्थ राहत नाही.

शेगडीचा इतिहास हा या विषयाचा दुसरा अर्धा भाग आहे, आणि लाकडाच्या टंचाईने तो पुढे नेला आहे. भिंतीतील उघडी शेकोटी, जिला फायरप्लेस म्हणतात, लाकडातील उष्णतेचा दहा-पंधरा टक्केच भाग खोलीला देते; उरलेली धुराड्यातून जाते आणि जाताना खोलीतली तापलेली हवाही ओढून नेते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४४ मध्ये आपल्या लोखंडी शेगडीची माहितीपुस्तिका प्रसिद्ध केली, तीत पेनसिल्व्हानियातील सरपण दूरवरून आणावे लागत असल्याची तक्रार आहे. स्वीडनमध्ये कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांनी १७६७ मध्ये अधिक मूलगामी उपाय सुचवला: धूर सरळ वर न सोडता विटांच्या जाड भट्टीतील वळणदार मार्गांतून खाली-वर खेळवायचा, जेणेकरून त्याची उष्णता विटांत मुरेल आणि सकाळी तासाभर पेटवलेली आग दिवसभर खोली तापवत राहील. काउंट रम्फर्ड यांनी १७९६ मध्ये उघड्या शेकोटीचाच आकार उथळ आणि तिरक्या बाजूंचा करून तिचा धूर कमी केला. तो उपाय स्वस्त होता, म्हणून इंग्लंडात झपाट्याने पसरला. लाकूड कोणते, हा प्रश्न या भट्ट्यांपुढे वेगळाच होतो. विटांच्या भट्टीला झपाट्याने, प्रखर जळणारे लाकूड हवे असते, म्हणून तेथे पाइन आणि बर्च उत्तम चालतात. पातळ लोखंडी शेगडी उष्णता साठवू शकत नाही, त्यामुळे तिला सावकाश जळणारा, निखारा धरून ठेवणारा ओक लागतो. ओकची अमेरिकेतील प्रतिष्ठा बऱ्याच अंशी या पातळ शेगड्यांची देणगी आहे.

महाराष्ट्रात घर तापवण्याची गरज क्वचितच पडते, तरीही हा मुद्दा मराठी वाचकाला परका नाही. अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी अशा रचनेचा असतो, आणि त्याला अर्ध्या तासात उष्णता देऊन संपणारे जळण लागते. म्हणून कोकणात करवंट्या, सोडणे आणि वाळक्या झावळ्या यांवर तो सुखाने चालत आला. निखाऱ्यासाठी, कोळशासाठी आणि दीर्घकाळच्या आचेसाठी देशावर बाभूळ आणि जंगलपट्ट्यात धावडा यांना मान मिळाला. पांगारा किंवा सावर चुलीत घालण्याचा उत्साह कोणी दाखवला नाही, कारण मोळी वाहून आणण्याचे श्रम आकारमानात मोजले जातात आणि ही झाडे आकाराच्या मानाने फार थोडी उष्णता देतात.

आधुनिक कायद्यांनी या चर्चेत कोणती बाजू घेतली हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये घरगुती लाकडी शेगड्यांसाठी पहिली मानके ठरवली, आणि २०२० पासून नव्या शेगडीतून तासाला दोन ते अडीच ग्रॅमपेक्षा जास्त कण बाहेर पडता कामा नयेत अशी मर्यादा लागू केली. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडात २० टक्क्यांहून अधिक ओल नसावी असे बंधन आले. युरोपीय संघाने २०२२ च्या आरंभापासून शेगड्यांच्या कार्यक्षमतेची आणि उत्सर्जनाची किमान पातळी बंधनकारक केली. यांपैकी कोणत्याही नियमाचा आधार झाडाची जात हा नाही. कायद्याने ओल आणि शेगडी या दोनच गोष्टींवर बोट ठेवले आहे.

लाकूड कोणते हा विचार जेथे खरोखर सुटत नाही, ती ठिकाणे उष्णतेशी संबंधित नाहीत. समुद्रातून वाहत आलेल्या लाकडातील मीठ शेगडीचे लोखंड खाते आणि विषारी क्लोरीनयुक्त संयुगे निर्माण करते. रंगवलेले, प्लायवूडचे किंवा तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या द्रावणात मुरवलेले लाकूड जाळणे धोक्याचे असते, कारण आर्सेनिक राखेत आणि धुरात उतरते. अमेरिकेत ओंडक्यांना चिकटलेली पॉयझन आयव्हीची वेल जाळली गेल्यास तिचा धूर फुप्फुसांना इजा करतो; ही वेल बिब्बा आणि काजू यांच्याच कुळातली आहे, हे सांगितले की अंगावर उठणाऱ्या फोडांची कल्पना मराठी वाचकाला वेगळी द्यावी लागत नाही. कीड हा आणखी एक प्रश्न आहे. अ‍ॅश वृक्षांचा नाश करणारा आशियाई हिरवा भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि सहलीला निघालेल्या लोकांच्या गाड्यांतील सरपणाबरोबर तो दूरवर पोचला. त्यानंतर जळाऊ लाकूड लांब नेण्यावर अमेरिकेत अनेक ठिकाणी निर्बंध आले.

आरोग्यविषयक संशोधनाने लाकडाच्या धुराभोवतीचे निरागसतेचे वलय काढून टाकले आहे. स्वयंपाकाच्या आणि घरातील इतर इंधनांच्या धुराने होणाऱ्या मृत्यूंची संख्या जागतिक आरोग्य संघटनेने २०२० या वर्षासाठी ३२ लाख धरली आहे. घर तापवण्याच्या संदर्भात बराच उद्धृत होणारा अभ्यास टास्मानियातील लाँसेस्टन शहराचा आहे, जेथे २००१ पासून लाकडी शेगड्या बदलण्यास सरकारी साहाय्य देण्यात आले, लाकूड जाळणारी कुटुंबे ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आली आणि हिवाळ्यातील धूलिकणांची सरासरी घनमीटरमागे ४४ मायक्रोग्रॅमवरून २७ वर उतरली. धुराखेरीज कार्बनचाही प्रश्न आहे: लाकूड पुन्हा उगवते म्हणून त्याचा कार्बन हिशेबात धरू नये, हा युक्तिवाद तोडीचा वेग वाढीच्या वेगाहून कमी असेल तेथेच टिकतो.

भारतात घर तापवण्यासाठी लाकूड जाळण्याचा प्रश्न मुख्यतः हिमालयाचा आहे, आणि तेथे निवडीचे स्वरूपच बदलते. काश्मीरमध्ये पत्र्याच्या पिंपाला धुराची नळी जोडून केलेली बुखारी, दगडी फरशीखाली जाळ घालून तापवलेला हमाम आणि फेरन या सैल अंगरख्याच्या आत धरली जाणारी कांगरी ही तीन साधने तीन वेगळी इंधने मागतात: बुखारीला फळबागांच्या छाटणीचे आणि पॉप्लर-विलोचे लाकूड चालते, हमामला मोठे ओंडके लागतात, तर वेताच्या विणीत बसवलेल्या कांगरीच्या मातीच्या भांड्यात चिनारच्या पानांचा किंवा लाकडाचा कोळसा भरतात. मांडी आणि पोट यांच्या त्वचेवर वर्षानुवर्षे शेक बसून होणारा कर्करोग वैद्यकीय साहित्यात एकोणिसाव्या शतकापासून कांगरीच्या नावाने ओळखला जातो. बंद खोलीत निखारे ठेवून झोपल्याने कार्बन मोनॉक्साइडची बाधा होण्याचा धोका तर कोणत्याही जातीच्या लाकडाने टळत नाही.

कुमाऊँ आणि गढवालमध्ये पसंतीचे झाड बांज, म्हणजे हिमालयी ओक. त्याचे लाकूड घन असते, निखारा टिकतो, आणि तेच झाड गुरांना पाला आणि शेताला खत देत असल्यामुळे त्याच्यावर तिहेरी भार पडतो. वसाहतकाळातील वनखात्याने राळ आणि रेल्वेचे स्लीपर यांसाठी चीड पाइनला उत्तेजन दिले. या धोरणाविरुद्धचा रोष १९२१ च्या कुमाऊँमधील वणव्यांतून प्रकट झाला, आणि त्याचा इतिहास इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात मांडला आहे. बांज मागे हटला की गावातल्या स्त्रियांना सरपणासाठी अधिक दूर जावे लागते, हे या प्रदेशाच्या अभ्यासांत पुनःपुन्हा येणारे निरीक्षण आहे. पुरोहित आणि नौटियाल यांनी १९८७ मध्ये पर्वतीय वृक्षांसाठी सरपणाचा एक निर्देशांक सुचवला, ज्यात उष्णतामूल्य आणि घनता यांच्या गुणाकाराला राख आणि ओल यांच्या गुणाकाराने भागतात. नंतरच्या अनेक अभ्यासांनी तो वापरला, पण त्यात एक उणीव आहे. उष्णतामूल्य सर्व जातींत जवळपास सारखे आणि घनता फार तर दुप्पट-तिप्पट बदलणारी असताना, ओल ही झाड कधी तोडले यावर अवलंबून पाचपट बदलू शकते. त्यामुळे वाळवणीने सुटणारा दोष झाडाच्या नावावर जमा होतो आणि जंगलातील आधीच कमी झालेल्या जातींवरील मागणीला शास्त्रीय शिक्का मिळतो.

पहाडी घरात चूल एकाच वेळी अन्न शिजवते आणि खोली तापवते, ही गोष्ट इंधनविषयक योजनांना नेहमीच अडचणीची ठरली आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर पोचवला, पण गॅसवर भाजी झाली तरी भिंत गरम होत नाही, आणि म्हणून हिवाळ्यात लाकडाची चूल पुन्हा पेटते. सुधारित चुलीविषयीही हेच घडते, कारण उष्णता भांड्यातच कोंडणारी चूल घराला थंड ठेवते.

लडाखमध्ये हा गुंता वेगळ्या टोकाने सोडवला गेला. तेथे लाकूड मुळातच दुर्मिळ, विलो आणि पॉप्लर बहुतेक लावलेले, आणि जळणाचा मोठा हिस्सा शेणाचा. लेहजवळील फे येथील सेकमोल संस्थेच्या इमारतींनी आणि त्यानंतर बांधल्या गेलेल्या अनेक घरांनी दक्षिणेकडे काच, जाड मातीच्या भिंती आणि छतात उष्णतारोधक थर एवढ्यावर हिवाळ्यातील खोली सूर्याने तापवून दाखवली आहे. बांजच्या मोळीवर आणि शेगडीच्या अनुदानावर खर्च होणाऱ्या संशोधनाचा आणि पैशाचा काही भाग पहाडी घरांच्या छताकडे आणि भिंतींकडे वळवला गेला पाहिजे. जळणाची गरजच निम्मी झाली, तर कोणते लाकूड चांगले या प्रश्नाला उरलेल्या निम्म्यापुरतेच महत्त्व राहते, आणि तेवढे लाकूड दोन उन्हाळे वाळवून ठेवणे कोणत्याही गावाला शक्य आहे.